तडा गेला पितळेला, संशय पावसावर

आजचा एपिसोड एका फुटक्या काडतुसाचा. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हे लिहून देतोय.

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत ‘सीझन क्रॅकिंग’ची दोन मार्कांची व्याख्या मी घोकली होती. तिचा उगम आपल्याच देशातल्या घोड्यांच्या पागांमध्ये आहे, हे कुणी सांगितलंच नाही!

इंग्रजांच्या काळात पावसाळा लागला की लष्कराच्या हालचाली थंडावायच्या. काडतुसं कोरडे दिवस येईपर्यंत पागांमध्ये ठेवायचे. पुढे वापरायला काढली, की बऱ्याच पितळी केसना तडे गेलेले. आता जरा थांबा. केस फुटली की पहिला संशय जातो दारूवर (बंदुकीच्या, हां) किंवा रायफलच्या चेंबरवर. पण ही काडतुसं उडवलेलीच नव्हती. म्हणजे हे दोन्ही आरोपी सुटले. उरलं पितळ, आणि ते ठेवलं ती जागा.

प्रकरण साधं नव्हतं. फुटक्या केसमधून दारूला ओल लागते. आणि तशीच उडवली, तर तापलेला वायू मागे सैनिकाच्या तोंडावर येऊ शकतो.

उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं, की गुन्हेगार एक नाही, दोन आहेत. पहिला कारखान्यातला. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. त्याची चकती थंड असतानाच प्रेसमध्ये ओढत ओढत नळी करतात, शेवटी तोंडाशी आवळून मान काढतात. या ओढाताणीचा ताण धातूत तसाच अडकून राहतो. वरून काही दिसत नाही. दुसरा पागेतला. घोड्याचं मूत्र कुजलं की अमोनिया सुटतो, नाकात झोंबतो तोच. दमट हवेत तो पितळेच्या कणांमधल्या सीमांवर हल्ला करतो, आतला ताण ती जागा फाकवतो, आणि भेग पुढे सरकत जाते.

नुसता ताण असून भागत नाही, नुसता अमोनियाही पुरत नाही. आम्हा कोडवाल्यांना असला बग चांगलाच ओळखीचा. माझ्या मशीनवर सगळं छान चालतं, क्लायंटकडे गेलं की आपटतं!

ताण पकडायची युक्ती मला भारी आवडली. पितळ मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं. आत ताण असेल तर काही मिनिटांत तडकतं. पारा विषारी, तेव्हा घरी प्रयोग नको.

उपाय मात्र साधा निघाला. घडवून झाल्यावर केस हलकीशी तापवायची, साधारण तीनशे अंशांच्या आसपास. ताण सुटतो, कडकपणा फारसा जात नाही. शिवाय काडतुसं पागेपासून लांब ठेवायची, हे ओघानंच आलं.

मानेला मात्र वेगळी, जास्त आच देतात. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ना, ती त्याचीच खूण. म्युझियममध्ये मीही ती आधी गंज समजलो होतो.