शिक्षा पतीस, भुर्दंड कोणास?

पत्नीस मारहाण करणाऱ्या पुरुषास न्यायालयानें शिक्षा करावी, ह्याबद्दल आज कोणी वाद घालणार नाहीं. परंतु ती शिक्षा कशी असावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. चोरास तुरुंगांत पाठविलें म्हणजे ज्याच्या घरीं चोरी झाली तो निश्चिंत होतो. येथें मात्र अपराधी आणि पीडित एकाच छपराखालीं राहतात व एकाच मिळकतीवर जगतात. घाव एकावर घालावा आणि वळ दुसऱ्याच्या पाठीवर उमटावा, असा प्रकार होतो. ही अडचण कायद्याच्या ध्यानीं कशी आली, हें पाहण्यास इंग्लंडचा इतिहास उपयोगी आहे.

1853 सालीं तेथील पार्लमेंटनें स्त्रिया व मुलें यांवरील गंभीर मारहाणीविरुद्ध कायदा केला. मॅजिस्ट्रेटास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 20 पौंडांपर्यंत दंड करण्याचा अधिकार मिळाला. शिवाय त्यापुढें 6 महिन्यांपर्यंत शांततेनें वागण्याचा जामीन लिहून घेण्याचीही सोय झाली. शिक्षेस पुढील वर्तनाची अट जोडली गेली ती अशी. परंतु दंड भरावयाचा तो घरांतल्याच पैशांतून. नवरा कैदेंत गेला तर मुलांच्या तोंडचा घास जाई, आणि मुदत संपतांच तो मनांत डूख धरून त्याच घरीं परत येई. मग तक्रार करावी कोणीं, आणि कोणत्या आशेवर?

फ्रान्सेस पॉवर कॉब ह्या विदुषीनें 1878 सालीं एका प्रखर निबंधांत हेंच वर्म दाखविलें. नुसती शिक्षा वाढवून भागणार नाहीं, स्त्रीस त्या घरांतून सुटण्याची वाट हवी, असें तिचें सांगणें होतें. त्याच वर्षीं लॉर्ड पेन्झन्स यांच्या प्रयत्नानें विवाहविषयक कायद्यांत नवें कलम आलें. नवरा गंभीर मारहाणीबद्दल दोषी ठरला व पत्नीस पुढेंही धोका आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर त्याच्याबरोबर नांदण्याचें बंधन तिच्यावर उरत नसे. त्यानें दर आठवड्यास पोटगी द्यावी, दहा वर्षांखालील मुलें तिच्याकडे असावींत, असाही हुकूम देतां येई. 1895 च्या कायद्यानें सततच्या क्रूरतेबद्दल, नवऱ्यास शिक्षा झालेली नसतांही, हा मार्ग खुला केला; मात्र त्यासाठीं पत्नीनें आधीं घर सोडलेलें असावें लागे!

1907 सालीं इंग्लंडांत अपराध्यास प्रोबेशनवर, म्हणजे अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं मोकळें ठेवण्याचा कायदा झाला. चांगल्या वर्तनाच्या अटी त्याच्याकडून लिहून घेतल्या जात. कांहीं प्रकरणीं दारू वर्ज्य करण्याचीही अट असे. हीच पद्धत पुढें अमेरिकेंत घरगुती मारहाणीच्या गुन्ह्यांत विशेष उपयोगांत आली. मिनेसोटा संस्थानांतील डलूथ शहरीं 1981 सालीं पोलीस, न्यायालय व अपराधी पुरुषांसाठीं चालविलेले वर्ग यांची सांगड घालण्यांत आली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यांत अशा अपराध्यास प्रोबेशन दिल्यास सामान्यतः किमान 36 महिन्यांची देखरेख, सुमारें वर्षभर दर आठवड्याचे वर्ग, आणि पीडितेस त्रास न देण्याचा मनाई हुकूम अशीं बंधनें ठेविलीं आहेत. वर्गांनीं स्वभाव कितपत पालटतो, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु अट मोडल्यास न्यायालयापुढें पुन्हा उभें राहावें लागतें, ही जरब खरी.

आपल्याकडे 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलांत आला. त्यांतील संरक्षणाचा हुकूम ही शिक्षा नव्हे. तो मोडला तर मात्र 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. शिवाय राहत्या घरांतून पुरुषानें बाहेर पडावें, असाही हुकूम न्यायालयास देतां येतो. इंग्लंडांत 1895 सालीं जिला आधीं उंबरा ओलांडावा लागे, तिच्या घरांतील तो उंबरा आतां मारणाऱ्यास ओलांडावा लागतो. एवढा पल्ला गांठण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. न्यायालयाची अट चांगली कीं वाईट, हें ती किती कडक आहे यावरून ठरत नाहीं. तिचा भार कोणावर पडतो आणि त्या रात्रीं घरांत निर्धास्तपणें कोण झोपतें, यावरून तें ठरतें.