लफ्लेव्हच्या व्हाइट वाइन : संग्राहकाच्या संयमाची कसोटी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील प्युलिनी-माँराशे या लहानशा गावातील 'दोमेन लफ्लेव्ह' हे घराणे व्हाइट वाइनच्या संग्राहकांत अग्रगण्य मानले जाते. (माँराशेच्या फ्रेंच स्पेलिंगमध्ये दोन 'टी' आहेत, उच्चारात एकही नाही.) द्राक्षाचा वाण एकच, शार्दोने, परंतु मळा बदलला की वाइनचा स्वभाव बदलतो. 'शव्हालिये-माँराशे' आणि 'बातार-माँराशे' या सर्वोच्च 'ग्राँ क्र्यू' श्रेणीच्या मळ्यांत घराण्याची प्रत्येकी सुमारे दोन हेक्टर जमीन आहे. खुद्द 'माँराशे'त मात्र जेमतेम आठ गुंठे! तेथून वर्षाला साधारण एक पिंप, म्हणजे तीनशेच्या आसपास बाटल्या निघतात. एप्रिल २०१६ च्या हिमदंवाने तेवढेही पीक हिरावले, तेव्हा माँराशेतील सात उत्पादकांनी उरलेली द्राक्षे एकत्र करून लफ्लेव्हच्या तळघरात अवघी दोन पिंपे वाइन तयार केली.

आन-क्लोद लफ्लेव्ह यांनी १९९० मध्ये कारभारात प्रवेश केला आणि १९९७ पर्यंत सर्व मळे जैवगतिक शेतीखाली आणले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. 'ओलिव्हिये लफ्लेव्ह' ही १९८४ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र पेढी आहे. आडनाव पाहून घाईने खरेदी करणारे येथे हमखास फसतात.

उत्तम बर्गंडी व्हाइट वाइन दहा-वीस वर्षे मुरते, या विश्वासावरच असा संग्रह उभा राहतो. १९९५-९६ च्या हंगामांपासून या विश्वासाला तडा गेला. ऐन बहरात असायला हव्यात अशा बाटल्या काळवंडलेल्या सोनेरी रंगाच्या, मार लागलेल्या सफरचंदाच्या वासाच्या निघू लागल्या. यालाच अकाली ऑक्सिडीकरण किंवा 'प्रेमॉक्स' म्हणतात. एकाच पेटीतील एक बाटली अप्रतिम, तर दुसरी मृतप्राय, हा त्याचा सर्वांत क्रूर भाग. सदोष बूच, सल्फर डायॉक्साइडचे घटलेले प्रमाण, द्राक्षे अतिहळुवारपणे पिळण्याची नवी यंत्रे अशी अनेक कारणे पुढे आली. सर्वमान्य असे एकही नाही. लफ्लेव्हसारखे घराणेही यातून सुटले नाही. अखेर २०१४ च्या हंगामापासून तेथे अखंड बुचाऐवजी 'डायम' बूच आले. बुचाचा भुगा शुद्ध करून, दाबून ते बनवतात. हवेचा शिरकाव प्रत्येक बाटलीत जवळपास सारखा राहतो.

त्यामुळे २०१४ पूर्वीच्या बाटल्या लिलावातून घेताना नावापेक्षा नजरेवर भिसत ठेवणे शहाणपणाचे. बाटली उजेडासमोर धरून रंग पाहावा, मानेतील पातळी तपासावी आणि ती आजवर कोठे ठेवली होती याचा पुरावा मागावा. शंका असल्यास वाट न पाहता उघडावी. नंतरच्या हंगामांच्या मात्र निदान तीन बाटल्या घेऊन त्या काही वर्षांच्या अंतराने उघडणे उत्तम. नवशिक्याने थेट ग्राँ क्र्यूकडे वळू नये. 'क्लाव्हॉयाँ' किंवा 'ले प्युसेल' हे 'प्रमिये क्र्यू' मळे घराण्याची शैली पुरेशी दाखवतात. त्याहून परवडणारी 'माकों-व्हेर्झे' दक्षिणेकडील माकोने भागातून येते, आणि ती दीर्घकाळ साठवण्यासाठी नव्हे, पिण्यासाठी असते.

साठवणीसाठी १२ ते १४ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान, अंधार आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. घरगुती फ्रिज वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी निरुपयोगी; त्यातील कोरड्या थंडीने साधे बूच आकसते.