दुःखाचे दिवस आणि देवळाचा सभामंडप

आपल्या गावच्या श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य ईश्वरकृपेने व आपणा सर्वांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेले. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा समितीच्या मंडळींनी केली. मी काही इतिहासकार नव्हे. एस. एस. सी.पर्यंत शिकलेला व तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. परंतु देणगीच्या पावत्या लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या लिहिताना जे ध्यानात आले त्यावरून हा विषय सुचला.

पावतीवर नाव आणि रक्कम लिहिली की पुरे, असे मला वाटत होते. पण पैसे देणारा माणूस जरा थांबे आणि म्हणे, "वडिलांच्या स्मरणार्थ असं लिहा." कोणी आईचे नाव सांगे, कोणी थोरल्या भावाचे. मुंबईला गिरणगावात हयात काढलेल्या एका घराने पाठविलेल्या मनीऑर्डरीवरही मजकूर तोच. एका माऊलीने पदराच्या गाठीतून एकशे एक रुपये काढून दिले आणि लेकाचे नाव लिहिलेले दोनदा वाचून घेतले. पावतीपुस्तके भरत गेली तसे मला वाटू लागले की, मी देणग्यांची नोंद करीत नसून गावाच्या दुःखाची नोंद करीत आहे. माणूस गेला म्हणजे लोकांना देऊळ का आठवते? या प्रश्नाचे उत्तर आपल्या संतांच्या इतिहासात सापडते, असे मला वाटते.

शके १२१८ (सन १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस श्रीज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस समाधी घेतली. वय अवघे एकवीस. त्यानंतर वर्षभराच्या आत सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीतीरी व निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, अशी चारही भावंडे दिसेनाशी झाली. मागे राहिलेल्या संतमंडळींवर केवढा आघात झाला असेल! ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा केलेल्या नामदेवरायांनी तो सर्व प्रसंग अभंगांतून गायिला. त्या अभंगांस 'समाधी' प्रकरण म्हणतात. नामदेवांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून स्वच्छ केली, इथपासून भावंडांच्या विलापापर्यंत सर्व काही त्यात आले आहे. विशेष हे की, निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे नुसते वडील बंधू नव्हते, गुरूही होते. ज्यांनी ज्ञान दिले त्यांनाही शोक आवरला नाही, आणि तो शोक नामदेवांनी झाकून ठेवला नाही. थोरामोठ्यांनी रडू नये असे आपण म्हणतो. संतांनी तसे म्हटलेले नाही.

त्या गोष्टीस आज सातशेहून अधिक वर्षे लोटली. तरी दरवर्षी त्रयोदशीस आळंदीला समाधीचे कीर्तन होते. त्याचा मान नामदेवरायांच्या वंशातील नामदास महाराजांच्या घराण्याकडे आहे. माध्यान्ही घंटानाद होतो, समाधीवर फुले पडतात, आणि मंडपातील माणसे डोळे पुसतात. मी एकदा त्या गर्दीत उभा होतो. माझ्या शेजारचा पागोटेवाला म्हातारा ज्ञानोबांसाठी रडत होता की आपल्या घरच्या कोणासाठी, हे सांगता आले नसते. कदाचित दोघांसाठीही असेल. फुले पडून झाली तसा तो टाळ वाजवून नामगजर करू लागला. एका घराचे दुःख सर्वांचे होते आणि सर्वांच्या मुखाने गायिले जाते, तेव्हा ते वाहून नेता येण्याजोगे होते. ही वाट आपल्याला नामदेवरायांनी घालून दिली.

दुसरा प्रसंग चोखोबारायांचा. सन १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली काम करणारे मजूर गाडले गेले. त्यात चोखोबा होते. ढिगाऱ्याखालच्या गरीब मजुरांची वास्तपुस्त कोण करणार? परंतु नामदेवराय स्वतः मंगळवेढ्यास गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला त्या चोखोबांच्या, अशी कथा सांप्रदायिक मंडळी सांगतात. त्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली. हयातीत ज्यांना देवळाच्या आत जाता आले नाही, त्यांची जागा देवाच्या दारात झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. चोखोबांची समाधी दाराबाहेर राहिली आणि त्यांच्या भाऊबंदांनाही पुढे सहाशे वर्षे बाहेरच उभे राहावे लागले. सन १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडले. एकत्र रडून दुःख हलके होते हे खरे, पण 'एकत्र' या शब्दात कोण येतो आणि कोण येत नाही, हेही गावाने पाहिले पाहिजे.

तिसरा प्रसंग तर आपल्या जीर्णोद्धाराशीच जोडलेला आहे. सन १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबारायांचे घर महाजनकीचे, सावकारीचे. त्या घरची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बसला, लोकांत मान राहिला नाही. हे सर्व त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे. मुलगाही त्याच काळात गेला, असे चरित्रकार सांगतात. अशा वेळी माणूस गाव सोडतो किंवा अंथरूण धरतो. तुकोबांनी काय केले? त्यांच्या पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी दुरुस्त करावयास घेतले. त्यानंतर एकादशीला कीर्तन सुरू केले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, हेही त्यांनी लपविलेले नाही. संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणारांच्या मागे राहून साथ धरली. महाकवी होण्याआधी तुकोबा असे मागच्या रांगेत उभे होते. लोकांकडून येणे असलेली खतपत्रे त्यांनी आपल्या वाट्यापुरती इंद्रायणीत सोडली, असेही चरित्रात आहे. आमच्यासारख्या कागद सांभाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट विशेष वाटते. ज्याचे त्याचे दुष्काळाने नेलेच होते, त्याच्याकडे आणखी काय मागावयाचे, असे त्यांना वाटले असावे.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडे माणूस गेला की भजनी मंडळ दारी येते, टाळमृदंगाच्या गजरात अंत्ययात्रा निघते, दहाव्याला प्रवचन होते. सन २०२० च्या मार्चमध्ये हे सर्व थांबले. देऊळ बंद झाले. त्या वर्षी माउलींच्या व तुकोबांच्या पादुकासुद्धा एस. टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. दिवाळीच्या पाडव्याला देवळे उघडली, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप लागले, आणि आपल्या गावावर खरा घाला त्याच उन्हाळ्यात पडला. ज्यांच्या घरी तो पडला त्यांच्या दाराशी आपण गेलो नाही. जाता येत नव्हते.

पुढे शासनाने मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य दिले. त्याच्या चौकशीसाठी लोक कचेरीत कागद घेऊन येत. आपल्याच गावचा एक तरुण आला. कागद पुरे होते. तरी तो उठेना. म्हणाला, "भाऊसाहेब, कागदाचं झालं. पण आईला खांदा नाही देता आला, त्याचं काय करू?" माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते. मी त्याला चहा पाजला आणि पुढचा कागद हाती घेतला. याची मला आजही खंत वाटते.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला देवळे उघडली. त्यानंतरचा सप्ताह आपल्या स्मरणात असेलच. गळक्या मंडपावर ताडपत्री टाकली होती. भजनी मंडळातील वडीलधाऱ्यांनी ठरविले की, ज्या घरचे माणूस गेले त्या घराने यंदा वीणेचा पहारा आधी घ्यावा. घर कोणत्या आळीचे, कोणत्या जातीचे, हे पाहिले नाही. वीणा सात दिवस खाली टेकत नाही, हे आपण जाणतोच. तो तरुण रात्रीच्या पहाऱ्याला उभा राहिला. गळ्यात वीणा, समोर चार टाळकरी. त्याचे दोन तास संपले, पुढचा विणेकरी आला, तरी तो म्हणाला, "अजून थोडं उभं राहू द्या." त्याला कोणी काही विचारले नाही. काल्याच्या दिवशी त्याने पंगतीत वाढले. त्याच रात्री पाऊस झाला, ताडपत्री फाटली, आणि देऊळ बांधावयाचे असे बैठकीत ठरले. ज्यांच्या स्मरणार्थ पावत्या फाडल्या गेल्या त्यांतील पुष्कळजण त्या दोन वर्षांतले आहेत.

म्हणून ग्रामस्थांस व देणगीदारांस एक नम्र विनंती आहे. आज मंदिर सुंदर झाले आहे. फरशी नवी, शिखर नवे, दाराला मजबूत जाळीही बसविली आहे. चोरीच्या भयाने जाळी हवी हे मान्य. परंतु गेल्या काही महिन्यांत एकादशीच्या भजनाला सहा-सात माणसेच असतात, हेही आपण पाहतो. तुकोबांनी देऊळ दुरुस्त केले आणि लगेच एकादशीचे कीर्तन धरले. ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. आपण पहिले केले, दुसरे राहिले आहे. उद्या कोणाच्या घरी काय प्रसंग येईल हे सांगता येत नाही. त्या दिवशी त्याला वीणा हाती देणारे, मागे उभे राहून साथ करणारे गावात असले पाहिजेत. गाता येत नसेल त्यांनी टाळ धरावा, तेही जमत नसेल त्यांनी नुसते येऊन बसावे. सभामंडप त्यासाठीच बांधला आहे.

ज्यांच्या नावाने हे मंदिर उभे राहिले त्या सर्व दिवंगतांस माझे विनम्र अभिवादन. लिहिण्यात काही चूकभूल झाली असल्यास लहान समजून क्षमा करावी. आपणा सर्वांवर पांडुरंगाची कृपा असो, ही त्याच्या चरणी प्रार्थना.

— एक ग्रामस्थ