होम स्क्रीनवरचं कायमचं ऊन
जानेवारी १९८४मध्ये आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशची मेमरी जेमतेम १२८ किलोबाइट. एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा. पत्र टाइप करता करता बेरीज करायची झाली, तर? ॲपलच्या मंडळींनी तोड काढली ती 'डेस्क ॲक्सेसरीज'ची: चालू काम बंद न करता वर येऊन बसणारं घड्याळ, टिपणवही, कॅल्क्युलेटर. ॲप न उघडताच होम स्क्रीनवर माहिती दाखवणाऱ्या आजच्या विजेटचं मूळ या अडचणीत आहे.

त्या कॅल्क्युलेटरचा किस्सा मजेदार आहे. ख्रिस एस्पिनोसा रोज नवा नमुना दाखवी आणि स्टीव्ह जॉब्ज रोज नवी खोट काढी. शेवटी एस्पिनोसाने रेघांची जाडी, बटणांचा आकार, मागची नक्षी, सगळं मेन्यूतून बदलता येईल असा प्रोग्रामच जॉब्जच्या हाती दिला. दहाएक मिनिटांत साहेबांनी स्वतःच कॅल्क्युलेटर जुळवला आणि तक्रारी संपल्या. तेच रूप मॅकवर पुढे कित्येक वर्षं टिकलं.

२००७च्या आयफोनवर मात्र नुसत्या आयकॉनच्या रांगा होत्या. बाहेर धो धो पाऊस असो की बर्फ, अमेरिकेतल्या आयफोनच्या हवामानाच्या आयकॉनवर ऊन आणि ७३ अंश फॅरनहाइट कायम! आयकॉन फसवा खरा, पण बॅटरीला त्याची झळ नव्हती.

अँड्रॉइडने उलटा डाव टाकला. एप्रिल २००९च्या १.५ आवृत्तीत बाहेरच्या डेव्हलपरांनाही होम स्क्रीनवर विजेट ठेवण्याची मुभा मिळाली. मात्र ताज्या माहितीसाठी दर वेळी फोनला झोपेतून उठवावं लागतं. म्हणून विजेटच्या नेहमीच्या वेळापत्रकाला ३० मिनिटांची मर्यादा आली. तेवढ्यात टी-ट्वेंटीची सहा-सात षटकं उरकतात; मग स्कोअरच्या विजेटवाल्यांनी आडवाटा शोधल्या. दुपारीच बॅटरी उतरली की शिव्या खायच्या त्या फोनने.

दरम्यान शॉर्टकटही, म्हणजे ॲप उघडून देणारा साधा आयकॉनही, शिकत होता. २०१५च्या आयफोन ६एसवर आयकॉन जोरात दाबला की कामांची छोटी यादी उघडू लागली. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७.१नेही तशी सोय आणली.

सप्टेंबर २०२०मध्ये आयओएस १४ने होम स्क्रीनवर विजेट येऊ दिलं, तेही हात बांधून. ॲपने आधीच तयार करून दिलेली चित्रं फोन ठरल्या वेळी बदलायचा, आणि विजेटवर बोट टेकवलं की उघडायचं शेवटी ॲपच. दिसायला विजेट, वागायला शॉर्टकट! यादीतल्या कामावर विजेटमध्येच बरोबरची खूण करता यायला २०२३चं आयओएस १७ उजाडावं लागलं.