बी. रघुनाथ : कचेरीच्या मेजावर संपलेले एक लेखकाचे आयुष्य (धागा)

१/ ७ सप्टेंबर १९५३. परभणीच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत नेहमीप्रमाणे काम चालू होते. त्या कामातच एका कारकुनाचे निधन झाले. वय अवघे चाळीस. दप्तरी नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. मराठी साहित्य त्यांना बी. रघुनाथ म्हणून ओळखते.

२/ ध्यासासाठी केलेल्या त्यागाच्या कथा आपल्याला बहुधा एकाच साच्यात ऐकायला मिळतात. कुणी नोकरी सोडतो, कुणी घर सोडतो आणि अखेर यश मिळवतो. बी. रघुनाथांनी यांपैकी काहीच सोडले नाही. तरीही त्यांनी मोजलेली किंमत लहान नव्हती. ती कशी, हे समजण्यासाठी त्यांचा काळ पाहावा लागतो.

३/ जन्म १५ ऑगस्ट १९१३, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना या गावी. शिक्षण हैदराबादेत, मॅट्रिकपर्यंत. घरच्या परिस्थितीमुळे पुढचे शिक्षण थांबले आणि निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करावी लागली. ती सुमारे दोन दशके, म्हणजे अखेरच्या दिवसापर्यंत सुटली नाही.

४/ त्या वेळचा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठी ही घरातली, बाजारातली, कीर्तनातली भाषा होती. दरबारात तिला मान नव्हता. परभणीच्या तरुणाने मराठीत लेखक होण्याचे ठरवणे म्हणजे जिच्यातून ना पद मिळणार ना पैसा, अशा भाषेला आयुष्य देणे.

५/ अडचण केवळ भाषेची नव्हती. संस्थानाचे स्वतःचे चलन होते, हाली सिक्का. स्वतःचे टपाल होते आणि सरहद्दीवर जकात घेणारे करोडगिरीचे नाके होते. मराठी ग्रंथव्यवहाराची मोठी केंद्रे मात्र पुण्या-मुंबईला, म्हणजे ब्रिटिश मुलखात. मराठवाड्यातला मराठी लेखक आपल्याच भाषेच्या राजधानीला परराज्यातला होता.

६/ त्यात गस्ती निशाण ५३ हे कुप्रसिद्ध फर्मान. पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा घेण्यास त्याने बंदी होती. जिथे चार माणसांनी एकत्र जमणे हाही संशयाचा विषय ठरे, तिथे साहित्याची चळवळ उभी राहणे कठीण होते. सरकारी नोकराला तर दुहेरी सावध राहावे लागे. त्याची भाकरी त्याच सरकारच्या हाती होती.

७/ अशा परिस्थितीत या कारकुनाने काय लिहिले? १९३६ साली ‘ओ’ ही पहिली कादंबरी. १९४० मध्ये ‘साकी’ हा कथासंग्रह, १९४१ मध्ये ‘आलाप आणि विलाप’ हा काव्यसंग्रह. मग ‘हिरवे गुलाब’ (१९४३), ‘बाबू दडके’ (१९४४), ‘उत्पात’ (१९४५), ‘म्हणे लढाई संपली’ (१९४६). सलग चार वर्षांत चार कादंबऱ्या. आणि हे सगळे कचेरीची वेळ सांभाळून.

८/ या वर्षांकडे जरा थांबून पाहावे. महायुद्ध चालू होते, महागाई आणि टंचाईने निम्न मध्यमवर्ग पिचून निघत होता. दिवसभर सरकारी कागदांच्या नकला आणि टिपणे करणाऱ्या हाताने उरलेल्या वेळात हजारो ओळी लिहिल्या. तो उरलेला वेळ विश्रांतीचा होता, घरच्यांचा होता, प्रकृतीचा होता. त्याग म्हणायचा तर तो इथे आहे.

९/ १९४५ साली आलेल्या त्यांच्या ललित लेखसंग्रहाचे नाव ‘अलकेचा प्रवासी’. अलका म्हणजे ‘मेघदूता’तल्या यक्षाची नगरी. कालिदासाचा यक्षही चाकरमानीच होता. कुबेराच्या सेवेत कसूर केली म्हणून त्याला वर्षभराची हद्दपारी भोगावी लागली. परभणीच्या या प्रवाशाने चाकरीत कसूर केली नाही, आणि अलकेचा ध्यासही सोडला नाही. दोन्ही निभावण्याचा भार एकाच शरीरावर पडला.

१०/ जगाच्या साहित्यात याला एक लक्षणीय जोड सापडते. आधुनिक ग्रीक कवितेतले मोठे नाव, कवाफी. अलेक्झांड्रियात सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या पाटबंधारे खात्यात त्याने तीस वर्षे कारकुनी केली. पण तो १९२२ साली नोकरीतून मोकळा झाला आणि पुढे ११ वर्षे जगला. बी. रघुनाथांच्या वाट्याला तो निवृत्तीनंतरचा काळ आलाच नाही.

११/ परभणीच्या मातीला ही तऱ्हा तशी नवी नाही. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरी दळण, कांडण, शेणगोवऱ्या करता करता तिचे अभंग झाले. तिने काम टाकून काव्य केले नाही; कामच काव्यात आणले. मात्र जात्यावर ओवी सुचते, तशी सरकारी दप्तरावर कादंबरी लिहिता येत नाही. आधुनिक लेखकाला वेळ वेगळा काढावा लागतो, आणि तो कुठून तरी तोडावा लागतो.

१२/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. राजवट बदलली, पण कारकुनाचे मेज तेच राहिले. या काळात ‘फकिराची कांबळी’ (१९४८), ‘जगाला कळले पाहिजे’ (१९४९), ‘छागल’ (१९५१) ही पुस्तके आली.

१३/ मृत्यूनंतर तीन-साडेतीन महिन्यांत राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५६ साली मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला, १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आले, १९६० साली महाराष्ट्र झाला. ज्या भाषेसाठी हा माणूस झिजला, तिच्या राज्यात तो एक दिवसही जगला नाही.

१४/ ‘आडगावचे चौधरी’ (१९५४), ‘आकाश’ आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ (१९५५), ‘काळी राधा’ (१९५६) ही त्यांची पुस्तके त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. लेखक गेल्यावरही लेखन संपले नव्हते, याचा अर्थ ते अर्ध्यावर तुटले होते. न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांची मोजदाद कुठल्याच सूचीत नसते.

१५/ आज परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिला जातो. हा गौरव योग्यच आहे. पण त्यांच्या आयुष्याचा उपयोग ‘कष्ट करा, वेळ मिळतोच’ एवढ्या बोधापुरता करू नये. वेळ मिळाला नव्हता. तो चाळीस वर्षांच्या आयुष्यातून कापून घेतला होता. ज्या समाजाला लेखक हवा असतो, पण लेखकाच्या पोटाची सोय ही आपली जबाबदारी वाटत नाही, तो समाज ही किंमत एकट्या लेखकाकडून आणि त्याच्या घराकडून वसूल करतो.

१६/ म्हणून बी. रघुनाथांना वाहायची आदरांजली सोपी आहे. त्यांचे एक पुस्तक मिळवावे आणि वाचावे. ज्या संध्याकाळी त्यांनी स्वतःसाठी ठेवल्या नाहीत, त्या तिथे आहेत. (समाप्त)