विद्यार्थ्यांचा आहार (पुणे)

शिक्षणासाठी घर सोडून पुण्यात राहिलेल्या महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांची खाण्याची रीत आणि त्यातून होणारे पोषण. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. पुढे वसतिगृहांची भोजनालये व खाणावळी आल्या. आज सदाशिव पेठ, नवी पेठ, कर्वेनगर या भागांत मुले महिन्याच्या बोलीवर मेस लावतात किंवा खोलीवर डबा घेतात.

मेसचे ताट ठरलेले : पोळ्या, सुकी भाजी, रस्सा, वरण-भात. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बहुधा सुट्टी. मग वडापाव, मॅगी किंवा अंडाभुर्जी. न्याहारी सहसा दरात धरलेली नसते. ती चहा-बिस्किटांवर निभते, नाहीतर बुडते.

पोट भरते, उणीव राहते ती निराळ्याच घटकांची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठी कामे करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला रोज सुमारे २,११० किलोकॅलरी व ५४ ग्रॅम प्रथिने, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीला १,६६० किलोकॅलरी व ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. उष्मांकांचा वाटा पोळी-भात उचलतो. प्रथिनांचे तसे नाही. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात; पण वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम १५ ग्रॅम पडली, तर पदरात तीनच ग्रॅम येतात. महागाईत दर वाढवला तर मुले मेस बदलतात, वरण पातळ केले तर फक्त कुरकुरतात. ‘अनलिमिटेड’ पाटीचा हिशेबही पोळी-भातावरच बसवलेला असतो.

लोहाची गरज पुरुषांना १९, तर स्त्रियांना २९ मिलिग्रॅम. म्हणजे कमी खाणाऱ्या मुलींनाच ते जास्त हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण घटवतो, लिंबाची फोड ते वाढवते. ब-१२ जीवनसत्त्वासाठी शाकाहाऱ्यांची मदार दूध-दह्यावर, आणि दही बहुतेक मेसमध्ये ‘एक्स्ट्रा’.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उच्चशिक्षण संस्थांच्या आवारात जंक फूड विकू नये, असे कळवले. पेठांतल्या मेस आवाराबाहेर आहेत, आणि पातळ वरण काही जंक फूडमध्ये मोडत नाही.