लघुग्रह कशाचा बनलाय हे यानाला कसं कळतं? इरॉसच्या गायब गंधकाची गोष्ट

फोन कितीही झूम केला तरी समोरच्या दगडात लोह किती आहे हे फोटोवरून सांगता येत नाही. मग लाखो किलोमीटर दूर गेलेलं यान ते कसं सांगतं? यासाठी माझं आवडतं उदाहरण म्हणजे नासाचं 'निअर शूमेकर'. फेब्रुवारी २००० मध्ये ते सुमारे ३४ किमी लांबीच्या इरॉस या लघुग्रहाभोवती फिरायला लागलं.

सूर्याचे एक्स-रे दगडावर आदळले की त्यातले अणू स्वतःचे एक्स-रे सोडतात. प्रत्येक मूलद्रव्याची ऊर्जा ठरलेली असते. सिलिकॉनची १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, लोहाची ६.४. यान ही ऊर्जा मोजतं आणि मूलद्रव्य ओळखतं. अडचण एकच, सूर्य कायम सारखा तळपत नाही. म्हणून यानावरचा दुसरा डिटेक्टर सतत सूर्यावर नजर ठेवून होता. लोहाचा सिग्नल तर सौरज्वाला उसळली तरच नीट मिळायचा, म्हणजे वाट बघत बसा! (आपल्या चांद्रयान-२ वरचं 'क्लास' हे उपकरण चंद्रासाठी हेच तंत्र वापरतं.)

मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांचं प्रमाण पृथ्वीवर सर्वात जास्त पडणाऱ्या उल्कापाषाणांशी, म्हणजे साध्या कॉन्ड्राइटशी जुळलं. गंधक मात्र फारच कमी निघालं. मला खरी गंमत इथे वाटते. इरॉस कधीकाळी अर्धवट वितळला होता, की सूक्ष्म उल्कांच्या आणि सौरवाऱ्याच्या माऱ्याने फक्त वरचं गंधक उडून गेलं? एक्स-रेवरून हे ठरवणं अवघड, कारण ते जेमतेम केसाच्या जाडीएवढ्या थरातून येतात.

गॅमा किरण साधारण १० सेंटिमीटर खोलीवरून येतात, पण कक्षेतून तो सिग्नल फारच क्षीण होता. १२ फेब्रुवारी २००१ रोजी यान थेट इरॉसवर उतरवलं गेलं. त्याला पाय नव्हते, उतरण्यासाठी ते बनवलंच नव्हतं, तरी ते टिकलं. पुढचे साधारण दोन आठवडे गॅमा डिटेक्टर जमिनीला चिकटूनच मोजत राहिला. पोटॅशियम कॉन्ड्राइटएवढंच निघालं. तेही उष्णतेने बऱ्यापैकी उडून जाणारं, त्यामुळे इरॉस फारसा वितळला नसावा याकडे कल झुकला. लोह मात्र अपेक्षेपेक्षा कमी भरलं. कदाचित उतरण्याच्या जागी धातूचे कण मातीतून वेगळे झाले असावेत.

गंधक पृष्ठभागावरूनच उडालं, हे स्पष्टीकरण आज जास्त पटण्यासारखं मानलं जातं.